परवाना एकाचा, खांदा कुणाचा? बंदुकीचा दस्ता वाचताना

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो. "विषय सापडलाय, आवडलाय, पण त्यावर कागदच नाहीत. मग पीएचडी करायची कशावर?" या प्रश्नाचं सरळ उत्तर देण्याऐवजी आज एक वस्तू समोर ठेवतो आणि तिच्यावरून बोलतो. वस्तू साधी आहे: बारा बोअरची जुनी बंदूक, जिचा लाकडी दस्ता कुणीतरी घरच्या घरी करवतीने कापून आखूड केलाय. जागा आहे ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके. माझं स्वतःचं काम या भागातल्या शेतराखणीच्या इतिहासावर चाललंय, म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना चुकामूक नको. सरकारने बंदुकीचं जे मोजलं तेच दफ्तरात आलं. सरकारने नळी मोजली. दस्ता मोजला नाही. आणि माणसाचं शरीर बंदुकीला टेकतं ते नेमकं दस्त्यावर. म्हणून बंदूक प्रत्यक्षात कोण चालवत होतं हे विचारायचं असेल, तर कागदाच्या जोडीला लाकूडही वाचावं लागतं.

दस्ता म्हणजे काय, आणि तो कापायचा कशाला?

बंदुकीचे ढोबळ भाग तीन. पुढे लोखंडी नळी, मध्ये चाप-घोड्याची यंत्रणा, मागे खांद्याला टेकवायचं लाकूड. या मागच्या लाकडाला आपण दस्ता म्हणतो. जुन्या माणसांच्या तोंडी कुंदा असाही शब्द येतो. 'बारा बोअर' हे माप नळीच्या पोकळीचं. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, की ती नळी बारा बोअरची. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर व्यास.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर हे दस्त्याचं मुख्य माप. इंग्रजीत याला 'लेंग्थ ऑफ पुल' म्हणतात. आपण चाप ते खांदा अंतर म्हणू. इंग्लंड-अमेरिकेच्या पद्धतीच्या तयार बंदुकांत ते साधारण १४ ते साडेचौदा इंच असतं. हा आकडा तिकडच्या मध्यम उंचीच्या पुरुषाला धरून ठरत आलाय. उंची कमी, हात आखूड, खांदा अरुंद असेल तर हेच माप जड जातं. बंदूक वर घेताना दस्त्याचं टोक काखेत, कपड्यात अडकतं. डोळा नळीच्या रेषेत येत नाही. मान ताणावी लागते आणि पुढचा हात पुरत नाही. दस्ता खांद्याच्या खळग्यात नीट बसला नाही की बार निघताना धक्का दंडावर किंवा हाडावर बसतो. उलट दस्ता फारच आखूड झाला तर धक्क्यासरशी अंगठा नाकावर आदळतो. अर्ध्या इंचानेसुद्धा फरक पडतो.

यात आपल्या मुलखाची एक गोष्ट मिळवा. भाताची राखण सुरू होते पावसाच्या शेवटी, दाणा भरायला लागल्यावर, आणि कापणीपर्यंत चालते. माळ्यावर रात्र काढणारा माणूस उघड्या अंगाने बसत नाही. अंगावर घोंगडी असते. जाड कपडा म्हणजे खांद्यावर आणखी अर्धा इंच. दुकानात सदऱ्यावर बरोबर वाटलेली बंदूक माळ्यावर लांब पडते, ती अशी.

आता हे काम करतात कसं ते थोडक्यात, कारण खुणा ओळखायला ते माहीत हवं. दस्त्याच्या मागच्या टोकाला एक पातळ पट्टी असते, लोखंडाची, शिंगाची किंवा प्लॅस्टिकची. तिला बट प्लेट म्हणतात. ती दोन स्क्रूंनी बसवलेली असते. पट्टी काढायची, खूण करायची, लाकूड फाटू नये म्हणून रेषेवर चिकटपट्टी गुंडाळायची आणि बारीक दात्यांच्या करवतीने कापायचं. मागचं टोक ज्या तिरक्या कोनात असतं तोच कोन राखावा लागतो, नाहीतर बंदूक खांद्यावरून घसरते. जाणता माणूस एकदम इंचभर कापत नाही. थोडं कापतो, खांद्याला लावून बघतो, मग पुढचं. कापलेला तुकडा फेकत नाही, कारण लाकूड परत वाढत नाही. नंतर उघडं पडलेलं लाकूड घासून तेल किंवा पॉलिश पाजायचं, म्हणजे पाणी शिरत नाही.

पण एक अडचण राहतेच. दस्ता मागे रुंद आणि मनगटाजवळ बारीक असतो. पुढच्या बाजूला कापलं की नवा छेद जुन्यापेक्षा लहान येतो. जुनी पट्टी त्यावर कडेने बाहेर डोकावते आणि ती कानशीने घासून बसवावी लागते. स्क्रूची भोकं नवी पाडावी लागतात. दस्त्याची वरची कड मागे उतरती असल्यामुळे टोकाची उंचीही किंचित बदलते, शिवाय मागचं वजन कमी होऊन बंदूक पुढे जड लागते. या सगळ्याच्या खुणा लाकडावर राहतात: घासलेली पट्टी, करवतीच्या रेघा, वेगळ्या रंगाचं पॉलिश, पट्टीच्या जागी ठोकलेलं रबर किंवा चामडं. वाचणाऱ्याला हा दस्तऐवजच आहे.

(एक सूचना इथेच करून ठेवतो. भारतात बंदुकीची दुरुस्ती हाही परवान्याचा धंदा आहे, शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली येतो. वरचं वर्णन जुन्या खुणा ओळखण्यासाठी आहे. आज कुणाच्या घरी परवान्याची बंदूक असेल आणि दस्ता लांब पडत असेल, तर काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावं.)

मापाची कल्पना नवी नव्हती

कुणी म्हणेल, दस्त्याचं माप ही आजची चैन आहे, तेव्हा कोण बघत होतं? तर बघत होते. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बर्मिंगहॅमच्या बंदूक बनवणाऱ्याचं मोठं पुस्तक १८८१ साली आलं, त्यात माणसाच्या अंगाला बंदूक कशी बसवावी याची चर्चा आहे. इंग्लंडातला श्रीमंत शिकारी शिंप्याकडे कोटाचं माप द्यावं तसं बंदुकीचं माप देत असे.

लष्करालाही हे कळत होतं. पहिल्या महायुद्धातली आखूड नळीची ली-एनफील्ड रायफल घ्या. तिचे दस्ते चार लांबींचे होते: नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड. सर्वांत आखूड दस्त्याला 'बँटम' म्हणत आणि त्यावर बी अक्षराचा शिक्का असे. या रायफली बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातही बनल्या. पुढे त्याच कारखान्याने बारा बोअरच्या दुनळी बंदुका नागरिकांसाठी काढल्या.

म्हणजे शिपायाचं शरीर सरकारने मोजलं, कारण तो सरकारसाठी लढणार होता. श्रीमंत गिऱ्हाइकाचं शरीर दुकानदाराने मोजलं, कारण तो पैसे देणार होता. शेत राखणाऱ्याचं शरीर कुणी मोजलं? कुणीच नाही. त्याला मिळेल ती बंदूक, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातून आलेली. त्याचं माप घेणारा एकच कारागीर, तो स्वतः किंवा गावचा सुतार. म्हणून घरी कापलेला दस्ता मला महत्त्वाचा वाटतो. तयार मापाला एका माणसाच्या अंगाने दिलेलं ते उत्तर आहे.

१८७८: दोन कायदे, एकच शेतकरी

आता कागदांकडे येऊ. १८५७ नंतर सरकारने हत्यारांवर नियंत्रण आणायला सुरुवात केली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात इंडियन आर्म्स ॲक्ट आला. त्या वर्षीचा ११ वा कायदा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तो देशी वृत्तपत्र कायद्याच्या जोडीने येतो, कारण तोही १८७८ चाच. पण त्याच वर्षीचा ७ वा कायदा कोणता होता? इंडियन फॉरेस्ट ॲक्ट. पुण्या-मुंबईच्या इतिहासात शस्त्र कायदा आणि वृत्तपत्र कायदा ही जोडी महत्त्वाची असेल. शहापूर-मुरबाडच्या इतिहासात शस्त्र कायदा आणि जंगल कायदा ही जोडी जास्त महत्त्वाची आहे.

का, ते बघा. या भागात भातखाचरं आणि वरकस जमिनी थेट रानाला लागून. माहुली, सिद्धगड, माळशेजच्या खालची दरी, तानसाचं खोरं, सगळीकडे तीच गत. एका कायद्याने शेताच्या बांधापलीकडचं रान राखीव केलं. रानातली जनावरं मात्र बांध ओळखत नाहीत. दुसऱ्या कायद्याने ती जनावरं हाकलायचं हत्यार परवान्याखाली आणलं. दोन्ही कायदे वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत गेले, पण शेतकऱ्याच्या अंगावर ते एकाच रात्री, एकाच माळ्यावर आले.

जंगलाबद्दलची तक्रार कागदावर भरपूर आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांवरून १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमलं गेलं, त्याचा अहवाल १८८७ चा. साग आणि शिसव ही झाडं स्वतःच्या जमिनीत उभी असली तरी सरकारची, हा त्या काळच्या भांडणांतला मोठा विषय. आता गंमत बघा: दस्ता करायला लागतं ते टणक लाकूडच. एखाद्याने मोडक्या दस्त्याच्या जागी शिसवीचा नवा बसवायचा म्हटला, तर हत्यार एका खात्याचं आणि लाकूड दुसऱ्या खात्याचं. एका वस्तूत दोन्ही कायदे भेटतात ते असे.

जाता जाता शोधाची एक किल्ली देतो. जुन्या कागदांत 'शहापूर' शोधून थांबू नका. या मुलखाचं जुनं नाव कोळवण. ते नाव घेऊन शोधलं नाही तर बरंच काही हातातून निसटेल. १८८२ साली आलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड, सुरुवातीला वाचाच. पण ते प्रशासकाच्या नजरेने लिहिलंय, हे विसरून वाचू नका.

कायदा काय मोजतो

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. शेतराखणीच्या दृष्टीने त्यातली दोन कलमं मुळातून वाचण्यासारखी आहेत.

पहिलं कलम १३. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख त्यात आहे. पीकसंरक्षणाला ठासणीची बंदूक पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, अशीही सोय आहे. थोडक्यात, शेतकऱ्यासाठी कायद्याची पहिली पसंती ठासणीच्या बंदुकीला. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, टोपी लावायची आणि एक बार काढायचा. दुसऱ्या बारासाठी परत सगळं पहिल्यापासून. रानडुकरांचा कळप काही तेवढा वेळ थांबत नाही.

दुसरं कलम ६. परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही. कारण उघड आहे, आखूड नळीची बंदूक लपवायला सोपी.

दोन्ही ठिकाणी मोजपट्टी नळीला लागलीय. दस्त्याच्या लांबीबद्दल ही कलमं काही बोलत नाहीत. परवान्याचा नमुना बघितला तरी तेच दिसतं: धारकाचं नाव-गाव, हत्याराचं वर्णन, ओळख क्रमांक, काडतुसं किती, क्षेत्र कोणतं, कारण काय, मुदत कधीपर्यंत. पोलीस ठाण्याचा, तहसीलचा, कलेक्टर कचेरीचा सगळा पत्रव्यवहार याच रकान्यांतून फिरतो. शंभर वर्षांनी त्या फायली उघडणाऱ्याला दस्ता दिसणारच नाही. त्यावरून 'दस्त्याला महत्त्व नव्हतं' असा निष्कर्ष काढला तर ती आपली चूक. रकाना नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

ही सवय लावून घ्या. कुठलीही फाईल हातात आली की आधी विचारायचं, हा कागद कुणाला कशासाठी हवा होता? मग विचारायचं, त्याला काय नको होतं? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बऱ्याचदा आपला विषय बसलेला असतो.

परवाना आणि खांदा

आता खऱ्या प्रश्नाकडे. पीकसंरक्षणाच्या परवान्याला पीक लागतं, आणि पिकाला जमीन. म्हणजे परवाना मागू शकणारा माणूस जमीनवाला. ठाणे जिल्ह्यात जमीन कुणाकडे होती? कूळकायदा १९४८ चा; १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हा त्यातला मोठा टप्पा, त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला कायद्याने मालकी मिळायची होती. त्याआधी नाव मालकाचं आणि नांगर कुळाचा, अशी कितीतरी शेतं होती. त्यानंतरही सगळ्यांना जमीन मिळाली असं नाही. कातकरी समाजातली पुष्कळ कुटुंबं भूमिहीन राहिली आणि मजुरीवर जगली.

मग रात्री माळ्यावर कोण? मालक स्वतः असेल, त्याचा धाकटा भाऊ असेल, मुलगा असेल, गडी असेल. रकान्यात राखणदाराचं नाव घालण्याची सोय होती, पण ती प्रत्येकाने वापरली असेल असं धरून चालता येत नाही. आणि परवान्यात नाव नसलेल्याने बंदूक हाताळणं हा गुन्हा. म्हणून ती गोष्ट कागदावर यायची शक्यता आणखी कमी. इथे कागद गप्प आहेत आणि त्या गप्प राहण्याला कारणही आहे.

समजा, परवाना एका उंच, थोराड माणसाच्या नावावर आहे आणि त्याच्या बंदुकीचा दस्ता दीड इंच कापलेला आहे. ही विसंगती बोलकी आहे. कदाचित बंदूक ज्याच्या नावावर होती त्याच्या खांद्यावर ती नव्हती. जमिनीची मालकी, कष्टाची वाटणी, घरातली उतरंड हे सगळं त्या दीड इंचात दडलेलं असू शकतं.

'असू शकतं' म्हणजे 'आहे' नव्हे

इथे मात्र ब्रेक लावायचा. आपल्याला आवडलेला अर्थ हाच एक अर्थ, असं समजून प्रबंध लिहिला तर मौखिक परीक्षेत पहिल्या प्रश्नालाच आडवे व्हाल. दस्ता आखूड असण्याची इतर कारणं काय असू शकतात, ती स्वतःच लिहून काढायची. माझ्या वहीत ती अशी आहेत.

एक, लाकूड तडकलं किंवा वाळवीने खाल्लं म्हणून खराब भाग कापला. दोन, बंदूक विकत घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने कापलेली होती. तीन, घोंगडीमुळे लांब पडायची. चार, ठासणीची बंदूक असेल तर भरायला सोपी जावी म्हणून. ती उभी धरून, दस्ता जमिनीला टेकवून वरून ठासतात. बुटक्या माणसाला नळीचं तोंड उंच पडतं, दस्ता कापला की तोंड खाली येतं. पाच, लपवायला किंवा न्यायला सोपी व्हावी म्हणून. सहा, नवऱ्यामागे बायकोने किंवा वडलांमागे मुलाने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि बंदूक आपल्या अंगाला बसवली. सात, वर म्हटलं ते: चालवणारा वेगळाच होता.

आता प्रत्येकाला विचारायचं, तू खरा असशील तर आणखी काय दिसायला हवं? तडा गेला असेल तर तड्याचा शेवट उरलेल्या लाकडात कुठेतरी दिसेल. लपवण्यासाठी कापली असेल तर नळीलाही हात लागलेला असण्याची शक्यता मोठी, कारण लांबी खरी तिथे आहे. खांद्याला बसवण्यासाठी कापली असेल तर मागचा तिरका कोन जपलेला असेल, पट्टी घासून नीट परत बसवलेली असेल. घाईत कापणारा एवढी मेहनत घेत नाही. भरायला सोपी म्हणून कापल्याचा तर्क फक्त ठासणीच्या बंदुकीला लागू. काडतुसाच्या बंदुकीवर तो बाद. वारसाची गोष्ट असेल तर परवान्याच्या नूतनीकरणात नाव बदलल्याची तारीख मिळेल. म्हणजे लाकूड प्रश्न विचारतं आणि कागद त्याचं उत्तर तपासतो. आधी ज्या कागदांना आपण 'यात काही नाही' म्हणत होतो, तेच आता कामाला येतात.

याला जोडून एक मोठा प्रश्न तयार होतो, आणि कुणाला हवा असेल तर तो खुशाल घ्यावा. १९५७ मध्ये कुळं मालक होऊ लागली, १९६२ मध्ये नवा शस्त्र कायदा लागू झाला. या दोहोंच्या मधल्या आणि नंतरच्या वर्षांत पीकसंरक्षणाच्या परवान्यांसाठी अर्ज करणारी नावं बदलली का? जमीन ज्याच्या नावावर झाली, बंदूकही त्याच्या नावावर आली का, की सातबारा बदलला आणि बंदूक जुन्याच घरात राहिली? हा तपासता येणारा प्रश्न आहे. सातबाऱ्यावरचे फेरफार एका बाजूला, परवाना नोंदवह्या दुसऱ्या बाजूला. ब्रिटिश काळासाठी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात महसूल आणि न्याय खात्यांच्या खंडांपासून सुरुवात करा. पुढच्या काळासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा. शहापूर आणि मुरबाड ग्रामीण भागात येतात, त्यामुळे परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आणि अभिप्राय ठाणे ग्रामीण पोलिसांचा.

मुरबाडची एकच बंदूक आठवते

मुरबाड आणि बंदूक म्हटलं की आपल्याला सिद्धगड आठवतो. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आठवायलाच हवं. पण त्या एका पहाटेच्या बंदुका इतिहासात आल्या आणि वर्षानुवर्षं दर पावसाळ्याच्या शेवटी माळ्यांवरून निघालेले बार आले नाहीत. बंडाची बंदूक सरकारला दिसते, म्हणून तिचे कागद होतात. राखणीची बंदूक सरकारला रकान्यापुरती दिसते. दुसरीवर काम केल्याने पहिलीचं मोल कमी होत नाही. उलट ज्या गावांनी भूमिगतांना थारा दिला त्यांचं रोजचं जगणं कसं होतं, हे जास्त नीट कळतं.

गावात जाताना

हा विषय घेऊन गावात जाणाऱ्याने चार गोष्टी पाळायच्या.

पहिली, कायद्याचं भान. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनंतर शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना (नीलगायींना) मारण्यासाठी परवानगी मागण्याची पद्धत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरवून दिली, पण ती परवानगी घेऊनच. तेव्हा "तुम्ही काय काय मारलंत?" हा प्रश्न विचारायचाच नाही. आपल्या टेपवरची बढाई दुसऱ्याच्या गळ्याला फास होऊ शकते. "राखणीला कोण बसायचं? रात्र कशी जायची? बंदूक कुणाला पेलायची?" असं विचारा. उत्तरं जास्त चांगली मिळतात.

दुसरी, नावं आणि नंबर. बंदुकीचा क्रमांक, परवाना क्रमांक, घराची खूण यांतलं काहीही फोटोत येऊ देऊ नका. माप घ्या, खुणांचं रेखाटन करा, बस्स.

तिसरी, हत्याराला आपण हात लावायचा नाही. धारकाने स्वतः उघडून, रिकामी आहे हे दाखवून समोर धरावी. टेप आपण लावावी. ती रिकामी आहे असं कुणी नुसतं तोंडी सांगितलं तर मापं राहू द्या.

चौथी, बायकांना विचारा. राखण म्हणजे फक्त बंदूक नव्हे. डबा वाजवणं, आरोळ्या देणं, आगटी पेटती ठेवणं, गोफण चालवणं, यांत घरातलं कोण कोण होतं हे आजीला जास्त नेमकं आठवतं. आजोबा बंदुकीबद्दल बोलतील, आजी रात्रीबद्दल.

घाई का करायची

कागद कपाटात पडून राहतात. लाकूड राहीलच असं नाही. धारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाने वेळेत काही केलं नाही तर कलम २१ खाली ती सरकारजमा होऊ शकते. शेती विकली गेली, मुलगा कल्याणला किंवा वासिंदच्या कंपनीत लागला, राखणीची गरज संपली, मग ठासणीची जुनी बंदूक कोण सांभाळत बसणार? ती गेली की घासलेली पट्टी गेली, करवतीची रेघ गेली आणि एका माणसाच्या हाताची लांबी गेली. नोंदवहीत उरेल ते नाव, क्रमांक आणि शेवटी 'जमा' असा शेरा.

तेव्हा "कागद नाहीत" म्हणून विषय सोडण्याआधी एक काम करून बघा. आपल्या विषयातली एक वस्तू निवडा: नांगर, माप, जातं, शिवणयंत्र, काहीही. सरकारने तिचं काय मोजलं याची एक यादी करा. ती वापरणाऱ्याच्या अंगाला कुठे कुठे लागायची याची दुसरी यादी करा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. दुसरीत असलेली आणि पहिलीत नसलेली जी गोष्ट सापडेल, तिथून प्रश्न लिहायला घ्या. सिनॉप्सिसचं पहिलं पान त्यातूनच निघेल.